थकव्याचा हिशेब

या खेळात आपला माणूस तलवारीच्या घावाने क्वचितच पडतो. बहुतेकदा तो दमून बसतो. अंगात जीव शाबूत असतो, चिलखत असतं, समोर एकच अर्धमेला मॉन्स्टर उरलेला असतो, आणि आपल्या हातात खेळायला दोन पत्ते नसतात. नियम म्हणतो, दमलात, बाजूला व्हा. मग उठून चहा टाकायचा आणि बाकीचे काय करतात ते बघत बसायचं.

हा टेबलावर मांडून खेळायचा खेळ, पत्त्यांचा आणि सोंगट्यांचा. नाव 'ग्लूमहेवन: जॉज ऑफ द लायन'. तो २०२० साली आला. कर्ता आयझॅक चिल्ड्रेस. त्याचा थोरला भाऊ म्हणजे नुसता 'ग्लूमहेवन', २०१७ चा, ९५ डावांचा आणि जवळजवळ दहा किलोंचा खोका. माझ्या बहिणीच्या मुलीने, ऋचाने, आमच्या नौपाड्यातल्या घरी आणला तो धाकटा. यात २५ डाव, चार पात्रं, आणि पट जोडत बसायची कटकट नाही. स्पायरलचं पुस्तक उघडून टेबलावर सपाट ठेवायचं. पानांवरच षटकोनी घरं छापलेली असतात, तेच रणांगण. दुसरा डाव म्हणजे पुढचं पान.

ऋचा मानपाड्याला मैत्रिणींबरोबर राहते. रविवारी ती आमच्याकडे यायला निघते आणि घोडबंदर रोडवर मेट्रोच्या पत्र्यांमध्ये अडकते. "मावशी, माजिवड्याला आहे, तुम्ही मांडून ठेवा," असा फोन येतो. मांडणं हे आता माझं काम. नवऱ्याचं काम कुंजविहारचे वडे आणणं. ते खेळाच्या आधीच संपवायचे, कारण तेलकट बोट पत्त्याला लागलेलं ऋचाला चालत नाही. सासूबाईंचं काम ठरलेलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः शोधून काढलं, त्याबद्दल पुढे सांगते.

नियम शिकण्याच्या बाबतीत माणसांच्या दोन जाती असतात. एकीला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय सोंगटीला हात लावायचा नसतो. दुसरी म्हणते, खेळता खेळता कळेल. मी पहिल्या जातीची, नवरा दुसऱ्या. या खेळाने चक्क त्याची बाजू घेतली आहे. पहिले पाच डाव म्हणजे शिकवणीच. पहिल्या डावात चाला आणि मारा, एवढंच. पत्तेसुद्धा सोपे केलेले असतात. पुढच्या डावात थोडी भर, त्यापुढे आणखी थोडी, आणि सोप्या पत्त्यांच्या जागी हळूहळू खरे पत्ते येतात. राक्षस-जादूगारांच्या खेळांची नियमपुस्तकं एरवी जाडजूड असतात. ती वाचता वाचता अर्धं घर झोपी जातं आणि खोका माळ्यावर जातो. इथे तसं झालं नाही याचं श्रेय त्या पाच डावांना आहे. मी तरीही पुस्तक अख्खं वाचलं. रात्री, सगळे झोपल्यावर. सवय जात नाही.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतला १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तिथे लढाईचा फैसला फाशावर. तलवार उगारायची आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. ग्लूमहेवनमध्ये फासाच नाही. जे काय आहे ते पत्त्यांत आहे, आणि मला वाटतं आमच्या घरात हा खेळ रुजला तो त्यामुळेच.

प्रत्येक पात्राचा स्वतःचा पत्त्यांचा संच असतो. नवऱ्याने घेतलेला 'रेड गार्ड' साखळी आणि ढालवाला. त्याच्या हातात दहा पत्ते. माझा 'हॅचेट' कुऱ्हाडी फेकणारा, त्याचेही दहा. ऋचाची 'व्हॉइडवॉर्डन' स्वतः फारशी मारत नाही. ती दुसऱ्यांकडून मारवून घेते, प्रसंगी मॉन्स्टरलाच मॉन्स्टरवर घालते, तिचे अकरा. चौथा 'डेमोलिशनिस्ट', स्फोटकंवाला, खोक्यातच बसून असतो. त्याचे नऊ.

दर फेरीला हातातले दोन पत्ते निवडायचे. प्रत्येक पत्त्याचे दोन भाग. वरच्या भागात बहुधा हल्ला, खालच्या भागात बहुधा चाल. एका पत्त्याचा वरचा भाग वापरायचा आणि दुसऱ्याचा खालचा. कुठल्याचा कुठला, हे आपली पाळी आली की ठरवायचं. पाळी कधी येणार ते मात्र आधीच ठरलेलं असतं, कारण पत्त्याच्या मध्यभागी एक आकडा असतो. दोनांपैकी एक पत्ता पुढे ठेवायचा, त्याचा आकडा आपला. लहान आकडा आधी, मोठा नंतर. वापरलेले दोन्ही पत्ते बाजूला. हात रिकामा व्हायला आला की विश्रांती घ्यायची. बाजूला पडलेले पत्ते परत हातात येतात, फक्त त्यातला एक त्या डावापुरता कायमचा जातो.

या शेवटच्या वाक्यात अख्खी लढाई आहे. ते नीट कळायला मला पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड करावी लागली. दहा पत्ते म्हणजे पाच फेऱ्या. विश्रांतीत एक गेला, उरले नऊ. त्यात चार फेऱ्या. मग आठात चार, सातात तीन, सहात तीन, पाचात दोन, चारात दोन, तीनात एक आणि दोनात एक. बेरीज २५. म्हणजे माझा कुऱ्हाडवाला, काही वेडंवाकडं केलं नाही तर, पंचवीस वेळा हात उचलू शकतो. नंतर खलास. ऋचाच्या अकरा पत्त्यांचे तीस हात होतात, स्फोटकंवाल्याच्या नऊचे वीसच.

आता यातली मेख. सगळ्यात जोरदार पत्त्यांवर एक छोटी खूण असते, तिचा अर्थ 'वापरला की गेला'. तो पत्ता विश्रांतीनंतरही परत येत नाही. असा पत्ता पहिल्याच फेरीत टाकला तर काय होतं? पाच फेऱ्या होतात. मग विश्रांतीत आणखी एक जातो आणि हातात एकदम आठ उरतात. नवाचा टप्पा, त्यातल्या चार फेऱ्यांसकट, गायब. पंचवीसच्या जागी एकवीस. तोच पत्ता हातात चार उरले असताना टाकला, तर एकच फेरी बुडते. आणि अगदी शेवटच्या दोन पत्त्यांत तो असेल, तर काहीच बुडत नाही. पत्ता तोच, घाव तोच. किंमत चारावरून शून्यावर येते.

हे सगळं मी कागद पुढे धरून मोठ्या उत्साहाने समजावत होते. सासूबाई दिवाणावर शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "हुकमाचा एक्का पहिल्या हाताला टाकणारा भिडू मला कधी नकोच असायचा."

सासूबाई मेंढीकोट खेळणाऱ्यांतल्या. गणपतीत जागरणाला चार जणांचं कोंडाळं जमवून, दोन-दोनच्या जोड्या पाडून, पहाटेपर्यंत. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या चारही एकाच जोडीकडे गेल्या की कोट. हुकूम राखून ठेवायचा, समोरच्याची मेंढी बाहेर पडेपर्यंत कळ काढायची, ही विद्या त्यांना कुणी कागदावर आकडे मांडून शिकवलेली नाही. त्यांना या खेळातले राक्षस, जादू, उंदरांसारखे दिसणारे ते 'वर्मलिंग' वगैरे कशातच रस नव्हता. पत्ते मात्र लांबूनही दिसत होते.

मार खाण्याचा हिशेबही याच्याशीच जोडलेला आहे. मॉन्स्टरचा घाव बसला की दोन मार्ग असतात. घाव अंगावर घ्यायचा, नाहीतर हातातला एक पत्ता, किंवा वापरलेल्यांतले दोन, कायमचे टाकून तो घाव पूर्ण चुकवायचा. नवख्या माणसाला रक्त मौल्यवान वाटतं, त्यामुळे तो पहिल्या घावालाच पत्ता फेकतो. पण डाव संपताना अंगात उरलेला जीव काही पुढच्या डावात जमा होत नाही. तेव्हा सुरुवातीचे, जिवाचे दोन-तीन गुण खाणारे घाव खुशाल अंगावर घ्यावेत, आणि पत्ता फेकायचा तो उत्तरार्धात. डाव सरकतो तसा पत्त्याचा भाव उतरत जातो आणि रक्ताचा चढत जातो. मध्ये कुठेतरी दोन्ही भाव एकमेकांना ओलांडतात. ती जागा ओळखता आली की अर्धा खेळ आला, असं माझं मत. ऋचाला हे फार सरधोपट वाटतं. तिचं म्हणणं, जे पत्ते एकदा टाकले की डावभर परिणाम देतात त्यांना हा हिशेब लागू नाही, ते आधीच टाकायला हवेत. तिचं बरोबर आहे.

विश्रांतीचेही दोन प्रकार आहेत. छोटी विश्रांती फेरीच्या शेवटी, उभ्या उभ्या. त्यात जाणारा पत्ता नशिबाने जातो. अगदीच लाडका गेला तर जिवाचा एक गुण गमावून त्याच्या जागी दुसरा घालवता येतो, तोही नशिबानेच. मोठी विश्रांती घ्यायला अख्खी फेरी मोडावी लागते, आकडा ९९, सगळ्यांच्या मागे. पण कुठला पत्ता सोडायचा ते आपण ठरवतो, जिवाचे दोन गुण भरून येतात, वापरलेल्या वस्तू पुन्हा कामाला येतात. नवरा मोठी विश्रांती घेतच नाही. "ऐन लढाईत कोण झोपतं?" हे तो दुपारी दोन तास झोपून उठल्यावर विचारतो.

खरी व्यूहरचना सुरू होते ती त्या आकड्यांपाशी. मॉन्स्टरना डोकं नाही, नियम आहेत. प्रत्येक जातीच्या मॉन्स्टरचे आठ पत्ते असतात. आपले पत्ते ठरले की त्यांचा वरचा एक उलटायचा. तो सांगतो की ते किती चालतील, किती जोरात मारतील आणि कितव्या आकड्यावर. मारायचं कुणाला, हेही ठरलेलं असतं. ज्याच्यापर्यंत कमीत कमी घरं चालून हल्ला करता येईल, त्याला. अंतर सारखं असेल तर त्या फेरीत ज्याचा आकडा लहान, त्याला. म्हणजे घाई करणाऱ्याच्या वाट्याला मार जास्त. हे कळल्यावर लढणं बदलतं.

समजा समोरचा मॉन्स्टर दोन घरं चालतो आणि शेजारच्या घरात मारतो. त्याची झेप तीन घरांची. मी चौथ्या घरात उभी राहते आणि मोठा आकडा घेते, ८० च्या पुढचा. तो आपला चालत येतो, हात पोहोचत नाही, त्याची फेरी वाया. शेवटी माझी पाळी येते, मी कुऱ्हाड फेकते. पुढच्या फेरीत मी सगळ्यात लहान आकडा घेते. म्हणजे मागच्या फेरीच्या शेवटी एक घाव आणि या फेरीच्या सुरुवातीला दुसरा, मध्ये त्याला श्वास घ्यायलाही जागा नाही. दोन घावांत पडला तर त्याने मला एकदाही हात लावलेला नसतो. आधी रेंगाळायचं, मग घाई करायची. अर्थात मॉन्स्टरच्या त्या आठ पत्त्यांत एखादा जास्त चालवणारा निघतो, आणि मग चौथं घरही त्याच्या झेपेत येतं. म्हणून कुठले पत्ते होऊन गेले ते लक्षात ठेवावं लागतं. आमच्याकडे ते सासूबाई ठेवतात.

यावरूनच माझं आणि नवऱ्याचं जुनं भांडण आहे. त्याची आवडती जागा म्हणजे दरवाजा. दोन खोल्यांमधलं अरुंद दार दिसलं की रेड गार्ड तिथे पाय रोवून उभा. "खिंड लढवायची," हे त्याचं पालुपद. माणूस इतिहासवेडा. ठाण्याचं कारागृह म्हणजे जुना किल्ला, तो मराठ्यांनी १७३७ ला घेतला, वसई १७३९ ला, हे तो कळवा पुलाकडे जाताना रिक्षावाल्यालाही सांगतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. दारात एक माणूस उभा असला की त्याच्यापर्यंत एका वेळी एक-दोनच मॉन्स्टर पोहोचतात, मागचे ताटकळतात. किरकोळ मॉन्स्टरची झुंड असेल तेव्हा ही युक्ती झकास चालते, आणि त्या दिवशी तो वडे दोन जास्त खातो.

पण खिंड लढवतात ती वेळ मिळवण्यासाठी. १६६० साली बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले, कारण महाराज विशाळगडाकडे निघाले होते. तिथे जाणारा प्रत्येक क्षण आपल्या बाजूने होता. शत्रूला पुढे जायचं होतं आणि आपल्याला फक्त अडवायचं होतं. या खेळात घड्याळ उलट्या बाजूला बांधलेलं आहे. मॉन्स्टर दमत नाहीत. त्यांचे आठ पत्ते पिसले की पुन्हा तेच आठ. दमतो आपण. दारात उभं राहून एकेकाला सावकाश कापत बसलो की दोन-दोन पत्ते जात राहतात, आणि आपण ज्याची वाट बघतोय असं पलीकडे कुणी पोहोचणार नसतं. त्यात समोर धनुष्यवाले असतील तर ते लांबूनच दारातल्या माणसाला टिपतात, आणि नवऱ्याच्या पाठीमागे अडकलेल्या आम्हा दोघींना त्यांच्यापर्यंत जायला वाटच राहत नाही. हे सगळं मी एकदा सविस्तर मांडलं. तो म्हणाला, "बाजीप्रभूंचा अपमान नको." वाद तिथे थांबला. वाद असे थांबतात तेव्हा ते मिटलेले नसतात.

दार उघडण्याचंही शास्त्र आहे. दार उघडताच आतले मॉन्स्टर त्याच फेरीत हालतात. त्यांचा आकडा होऊन गेलेला असला तर ते उघडणाऱ्याची पाळी संपताच चाल करून येतात. म्हणून आधी सगळ्यांनी विश्रांती उरकायची, हात भरलेले ठेवायचे आणि मगच कडी काढायची. तिघांचे हात एकाच वेळी भरलेले असणं हा योग फार दुर्मीळ, कारण नवरा मोठी विश्रांती घेत नाही आणि ऋचाच्या अकरा पत्त्यांचं चक्र आमच्या दहाशी जुळत नाही. ते जुळवायला बोलावं लागतं. आणि बोलण्यावर बंधन आहे.

आपला आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही, पत्ता दाखवायचा नाही, नेमकं किती मारणार तेही सांगायचं नाही. "मी जरा लवकर निघेन", "माझं आज उशिराच", "डावीकडचा माझ्याकडे सोपव" एवढंच. ऋचाच्या मते हा नियम नसता तर सगळ्यात हुशार माणसाने तिघांचाही डाव खेळला असता आणि बाकीचे नुसते पत्ते सरकवत बसले असते. मला गंमत याची वाटली की आमच्या घराला हा नियम शिकवावाच लागला नाही. "बघू, जमलं तर येतो", "तसं काही घाई नाही", "मी काय म्हणते, तुला वाटेल तसं" अशा बोलण्यातून नेमकं काय ते ओळखण्यात आमची हयात गेली आहे. नवऱ्याचं "जरा लवकर" म्हणजे विशीतला आकडा, आणि "लवकरच म्हणायचं" म्हणजे पन्नास. ऋचाला हे कळायला वेळ लागला.

सासूबाई या नियमाच्या कक्षेत येतात का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्या खेळत नाहीत. त्यामुळे त्यांना सगळ्यांचे पत्ते बघता येतात. "आजी, सांगायचं नाही," असं ऋचा म्हणते. त्या सांगत नाहीत. मेंढीकोटात जोडीदाराला खूण करणं म्हणजे लबाडी हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि ती लबाडी किती प्रकारे करता येते हेही. मी चुकीच्या पत्त्याला हात घातला की त्यांना नेमका खोकला येतो. बरोबर पत्त्यावर येत नाही. नियमपुस्तकात न खेळणाऱ्या माणसाच्या खोकल्याबद्दल काही लिहिलेलं नाही, मी बघितलंय.

नशिबाचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण नवरा तो नेहमी पहिला सांगतो. प्रत्येक घावाला एक वेगळा पत्ता उलटावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाची वीस पत्त्यांची गड्डी असते. त्यात सहा पत्ते जसाच्या तसा घाव ठेवणारे, पाच एकाने वाढवणारे, पाच एकाने घटवणारे, एक दोनाने वाढवणारा, एक दोनाने घटवणारा, एक दुप्पट करणारा आणि एक घाव पार फुकट घालवणारा. वीस बाजूंच्या फाशासारखंच वाटतं, पण फाशाला मागचं काही आठवत नाही आणि गड्डीला आठवतं. पंधरा घाव झाले आणि दुप्पटवाला किंवा फुकटवाला एकही आलेला नसेल, तर उरलेल्या पाचांत ते दोघेही बसलेले आहेत. त्यांच्यापैकी एक आला की फेरी संपताना सगळी गड्डी पुन्हा पिसायची, म्हणजे स्मरण पुसलं. आपल्या पात्राची पातळी चढेल तशी या गड्डीतले वाईट पत्ते काढून टाकता येतात. नवरा मात्र गड्डी मोजत नाही, पत्ता उलटण्याआधी तिच्यावर दोनदा टिचकी मारतो.

सोन्याबद्दल थोडंसं. मॉन्स्टर पडला की त्याच्या जागी नाणं पडतं. ज्याची पाळी त्या घरात संपेल त्याचं ते. एकमेकांना द्यायची सोय नाही. वर प्रत्येकाला एक गुप्त उद्दिष्ट असतं, डाव संपेपर्यंत ते उघड करायचं नाही. त्यामुळे मॉन्स्टर समोर उभा असताना कुणीतरी विनाकारण उलट्या दिशेला चालायला लागतं आणि बाकीचे दोघे त्याच्याकडे संशयाने बघतात. सख्ख्या नवऱ्याने आपल्या डोळ्यांदेखत, आपण पाडलेल्या मॉन्स्टरचं नाणं उचलून जाणं यावर मी फार लिहीत नाही.

आता ऋचाच्या डोक्यात मोठा खोका आहे. ९५ डाव, १७ पात्रं. नवऱ्याने भिंतीतल्या कपाटाचा खालचा खण मापून पाहिला, पातेली हलवली तर बसेल म्हणाला. पातेली कुठे हलवायची यावर तो बोलला नाही. सासूबाईंनी एकच चौकशी केली, त्यातल्या पात्रांत कुणाला बारा पत्ते मिळतात का. ऋचाने फोनवर बघून सांगितलं, मिळतात, दोघांना.

"मग त्यातलं एक माझं," सासूबाई म्हणाल्या. "खोकून खोकून घसा बसलाय माझा."